दालन भाड्याचे की विक्रीचे? चित्रप्रदर्शनाचा हिशेब

(इयत्ता नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी व पालकांसाठी)



चित्रकलेच्या तासाला आपण रेषा, रंग, छायाप्रकाश शिकतो. वाणिज्याच्या तासाला खर्च, नफा, दलाली शिकतो. वेळापत्रकात हे दोन तास शेजारी असले तरी त्यांची एकमेकांशी ओळख नसते. आजच्या पाठात ती ओळख करून द्यायची आहे. विषय आहे कलादालन. हिंदीत आपण त्याला कला वीथिका म्हणतो, बोलताना आर्ट गॅलरी म्हणतो.

हा विषय आत्ताच घेण्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, आपल्या समाजाच्या सभागृहाची मागची बाजू वर्षातले बरेच दिवस रिकामी असते आणि तेथे चित्रांचे दालन सुरू करावे अशी सूचना पालक-शिक्षक बैठकीत आली आहे. सूचना चांगली आहे. पण 'दालन' म्हणजे नेमके काय चालवायचे, हे आधी ठरले पाहिजे. दुसरे कारण जरा दुःखाचे आहे. आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या एका विद्यार्थिनीने बाहेरच्या एका मोठ्या शहरात आठवडाभर दालन भाड्याने घेऊन प्रदर्शन केले. वडिलांनी त्यासाठी बँकेतील मुदत ठेव मोडली. पाहणारे आले, वाखाणणी झाली, वहीत सुंदर अभिप्राय लिहिले गेले. मात्र एकही चित्र विकले गेले नाही. तिची चित्रे वाईट नव्हती. आपण कोणता व्यवहार करीत आहोत, हे तिला आणि तिच्या वडिलांना कोणी आधी समजावून सांगितले नव्हते. शाळेने हे सांगायला हवे असे आम्हास वाटते, म्हणून हा पाठ.

१. नाव एक, धंदे दोन

बाहेरून सर्व कलादालने सारखीच दिसतात. पांढऱ्या भिंती, वरून प्रकाश, चित्राखाली नाव आणि किमतीची चिठ्ठी, विकलेल्या चित्राजवळ लाल टिकली. पण आत दोन वेगवेगळे धंदे चालतात.

पहिला धंदा मंगल कार्यालयासारखा आहे. कार्यालयाचा मालक तारीख देतो, भाडे घेतो, दिवे-पाण्याची सोय करतो. लग्नाला पन्नास माणसे आली काय आणि पाचशे आली काय, त्याचे भाडे ठरलेले असते. भाड्याचे दालन असेच असते. चित्रकाराने भाडे भरायचे, चित्रे आणून लावायची, निमंत्रणे वाटायची आणि ग्राहकही आपणच शोधायचा. विक्रीची रक्कम बहुतेक सर्व त्याचीच.

दुसरा धंदा आढत्यासारखा आहे. आढत्या हा शब्द माळव्याला नवा नाही. तो माल स्वतः विकत घेत नाही. दुसऱ्याचा माल आपल्या पेढीवर ठेवतो, गिऱ्हाईक आणतो आणि विक्री झाली की आपली आढत कापून घेतो. विक्रीच झाली नाही तर त्याच्याही हाती काही नाही. व्यावसायिक दालन असे चालते. चित्रकाराकडून भाडे घ्यायचे नाही. निमंत्रणे, उद्घाटन, सूचीपत्र हा खर्च साधारणपणे दालन करते आणि विकलेल्या चित्राच्या किमतीतून वाटा घेते. हा वाटा बहुतेक ठिकाणी एक-तृतीयांश ते निम्मा असतो. ऐकणाऱ्याला तो फार वाटतो. फार आहे की योग्य आहे, हे पुढे हिशेबात पाहू.

दोन्ही पद्धती ओळखण्यासाठी एकच प्रश्न पुरतो : चित्र विकले गेले नाही, तर नुकसान कोणाचे? भाड्याच्या दालनात ते चित्रकाराचे असते. व्यावसायिक दालनात ते मोठ्या प्रमाणात दालनाचे असते. आणि ज्याचे नुकसान होणार, तोच ग्राहकासाठी धावपळ करतो, हा बाजाराचा साधा नियम आहे.

२. एका इमारतीत दोन्ही पद्धती

या दोन पद्धती शेजारी-शेजारी पाहायच्या असतील तर मुंबईच्या काळा घोडा भागातील जहांगीर आर्ट गॅलरीचा इतिहास पाहावा. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या आग्रहावरून सर कावसजी जहांगीर यांनी या इमारतीसाठी देणगी दिली. दिवंगत पुत्र जहांगीर यांचे नाव तिला देण्यात आले. वास्तुरचना दुर्गा बाजपेयी यांची. १९५२ साली दालन सुरू झाले. येथे चित्रकार अर्ज करतो, समिती निवड करते, भाडे भरून साधारण आठवडाभर दालन मिळते. प्रतीक्षायादी इतकी लांब की पाळी येण्यास कित्येक वर्षे लागतात. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेला, कोणाची ओळखदेख नसलेला चित्रकारही येथे आपली चित्रे लावू शकतो, हे या पद्धतीचे मोठेपण आहे.

याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर १९६३ साली केकू गांधी आणि त्यांच्या पत्नी खोरशेद गांधी यांनी गॅलरी केमोल्ड सुरू केली. ती व्यावसायिक पद्धतीची. कोणाची चित्रे लावायची हे तेच ठरवीत, त्यांच्यासाठी ग्राहक तयार करीत आणि एकाच चित्रकाराच्या पाठीशी अनेक वर्षे उभे राहत. खाली भाड्याचे दालन आणि वर व्यावसायिक, असे हे शेजार चार दशकांहून अधिक काळ टिकले. २००७ साली केमोल्ड फोर्ट भागातील प्रेस्कॉट रोडवर गेली. १९६३ सालीच फ्लोरा फाउंटनजवळ काली पंडोल यांनी पंडोल आर्ट गॅलरी उघडली होती, तीही व्यावसायिकच.

आता यातील पैशाची बाजू पाहू, कारण आपला धडा तेथे आहे. जहांगीरची इमारत देणगीतून उभी राहिली. म्हणजे जागेचा खर्च आधीच कोणीतरी भरून टाकलेला होता. भाड्यातून तो वसूल करायचा नव्हता. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली झाले. त्यातील कलादालन महानगरपालिकेचे आहे, म्हणजे जागा नागरिकांच्या करातून आलेली. १९५४ साली स्थापन झालेल्या ललित कला अकादमीची दिल्लीतील दालनेही शासनाच्या आधारावर उभी आहेत. भाड्याचे दालन चित्रकाराला परवडणाऱ्या दरात चालते, ते बहुधा अशाच ठिकाणी, जेथे भिंती कोणीतरी दान दिलेल्या असतात.

व्यावसायिक दालनालाही सुरुवातीस आधार लागतो, पण तो निराळा. केकू गांधी यांचा मूळ व्यवसाय चित्रांच्या चौकटींचा, म्हणजे फ्रेमचा होता. १९४१ पासून चाललेल्या त्या व्यवसायाच्या शोरूममध्ये ते त्या काळच्या नव्या चित्रकारांची चित्रे लावीत. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधील धूमीमल हे दालन १९३६ सालचे. त्याच्या मागे कागद व स्टेशनरीचे दुकान होते. चित्रे विकली जाईपर्यंत घर चालवायला दुसरा चालता धंदा हाताशी होता, म्हणून हे लोक धीर धरू शकले. चित्राचा बाजार सावकाश तयार होतो. ज्याला पहिल्याच वर्षी नफा हवा, त्याने त्यात पडू नये.

३. आपल्या माळव्यात

माळव्यात चित्रकारांची वाण कधीच नव्हती. इंदूरला दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या कलाशाळेतून नारायण श्रीधर बेंद्रे, विष्णू चिंचाळकर, डी. जे. जोशी असे चित्रकार घडले. मकबूल फिदा हुसेन यांनीही चित्रकलेचे पहिले धडे इंदूरलाच घेतले. आपल्या उज्जैनला डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी भारती कला भवन चालविले. भीमबेटकाची शैलचित्रे १९५७ साली उजेडात आणणारे पुरातत्त्वज्ञ म्हणून जग त्यांना ओळखते. पण ते स्वतः हाडाचे चित्रकार होते, हे आपण उज्जैनकरांनी विसरू नये. संजाच्या दिवसांत शेणाने भिंतीवर आकृत्या काढणाऱ्या मुली, सणावाराला मांडणे काढणाऱ्या आज्या आणि भैरूगढचे छापाचे कारागीर ही सारी याच मातीतली माणसे.

मग कमतरता कशाची? बेंद्रे शेवटी बडोद्याला व नंतर मुंबईला स्थायिक झाले. हुसेनही मुंबईला गेले आणि सुरुवातीस सिनेमाचे फलक रंगवून पोट भरले. शिकवणारे गुरू येथे होते, पण विकत घेणारा बाजार येथे नव्हता. चित्र काढायला माळवा आणि विकायला मुंबई, असे हे फार जुने गणित आहे.

आज आपल्याकडे जागा अगदीच नाहीत असे नाही. पं. सूर्यनारायण व्यास यांच्या प्रयत्नांतून १९५८ साली कालिदास समारोह सुरू झाला. कार्तिकातील या समारोहासोबत चित्र व मूर्तिकलेचे प्रदर्शन भरते. १९७८ साली कालिदास अकादमी स्थापन झाली. भोपाळला १९८२ साली भारत भवन झाले. परंतु ही शासकीय स्थाने आहेत आणि त्यांचे काम कलेचा सन्मान करणे हे आहे. आठवड्याला एक चित्र विकून देणे हे त्यांचे काम नाही. २०२२ साली महाकाल लोक झाल्यापासून शहरात येणाऱ्यांची गर्दी वाढली आहे, आणि २०२८ साली सिंहस्थ आहे. तरीही दर्शनाला आलेला यात्रेकरू भस्म, रुद्राक्ष, फार तर छापील तसबीर नेईल. पंधरा हजारांचे तैलचित्र नेणारा ग्राहक त्याच गर्दीत सापडेल असे गृहीत धरू नये. गर्दी आणि ग्राहक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४. दालन चालविणाऱ्याचा हिशेब

आता वही-पेन्सिल घ्या. खालील आकडे आम्ही समजून घेण्यासाठी धरले आहेत. प्रत्यक्षात ते कमी-जास्त होतील, पण रीत हीच राहील.

प्रथम जागा. समजा खोली २० फूट गुणिले २५ फूट आहे. चारी भिंतींची लांबी ९० फूट. दरवाजा-खिडक्यांचे १० फूट वजा केले की चित्रांसाठी ८० फूट उरतात. एक चित्र सरासरी अडीच फूट रुंद आणि दोन चित्रांमध्ये दीड फूट अंतर, म्हणजे एका चित्राला ४ फूट. तर या खोलीत २० चित्रे लागतील. याहून अधिक लावली तर ते प्रदर्शन न राहता दुकानातील थप्पी होते.

वर्षाचा मूळ खर्च असा धरू :

राखणदार व मदतनीस — १,४४,००० रुपये
वीज — ३६,००० रुपये
रंगसफेदी व दुरुस्ती — ३०,००० रुपये
विमा व किरकोळ — ३०,००० रुपये
एकूण — २,४०,००० रुपये

जागा समाजाची असल्यामुळे तिचे भाडे यात धरलेले नाही. हीच आपली 'दान दिलेली भिंत'.

वर्षात ५२ आठवडे असले तरी सर्व कामाचे नसतात. मेचा कडक उन्हाळा, पावसाळ्यातील दमट भिंती, श्रावणात सोमवारी निघणारी महाकालाची सवारी आणि त्यामुळे बंद होणारे रस्ते, दिवाळीची सुट्टी असे १२ आठवडे सोडले की ४० उरतात.

भाड्याची पद्धत : आठवड्याला ८,००० रुपये भाडे ठेवले तर २,४०,००० भागिले ८,०००, म्हणजे ३० आठवडे भाड्याने गेले की खर्च निघाला. ३६ आठवडे गेले तर ४८,००० रुपये शिल्लक. चित्रे विकली गेली की नाही, याचा या हिशेबाशी काही संबंध नाही.

व्यावसायिक पद्धत : मूळ खर्च तोच २,४०,०००. त्यावर वर्षाला ८ प्रदर्शने, प्रत्येकाच्या निमंत्रण-सूचीपत्र-उद्घाटन-वाहतुकीचे ३०,००० धरले तर आणखी २,४०,०००. ग्राहकांशी बोलणारा, चित्रांची जाण असलेला एक माणूस दरमहा २०,००० वर, म्हणजे आणखी २,४०,०००. एकूण ७,२०,००० रुपये. दालनाचा वाटा ४० टक्के धरला तर एवढी रक्कम मिळण्यासाठी १८,००,००० रुपयांची विक्री व्हायला हवी. एका चित्राची सरासरी किंमत १५,००० असेल तर वर्षाला १२० चित्रे, म्हणजे प्रत्येक प्रदर्शनात २० पैकी १५ चित्रे विकली जायला हवीत.

पालकांनी मनाशी मोजावे : आपल्या ओळखीत, फ्रीगंज ते जुन्या शहरापर्यंत, वर्षाला १२० मूळ चित्रे विकत घेणारी किती घरे आहेत? व्यावसायिक दालन वाईट नाही. पण ज्या गावात ग्राहक तयार झालेला नाही, तेथे ते पहिल्या दिवसापासून तोट्यात चालते, आणि तो तोटा कोणीतरी सोसावाच लागतो.

५. चित्रकाराचा हिशेब

आता त्याच व्यवहाराकडे दुसऱ्या बाजूने पाहू.

भाड्याच्या दालनात चित्रकाराचा आधी होणारा खर्च : भाडे ८,०००, २० चित्रांच्या चौकटी प्रत्येकी १,५०० प्रमाणे ३०,०००, निमंत्रण व वाहतूक ७,०००. एकूण ४५,०००. रंग-कॅनव्हासचा खर्च दोन्हीकडे सारखाच, म्हणून तो बाजूला ठेवू. चित्राची किंमत १५,००० असेल तर तीन चित्रे विकली की खर्च निघाला.

व्यावसायिक दालनात चित्रकार फक्त चौकटींचे ३०,००० घालतो. प्रत्येक चित्रामागे ४० टक्के कापून त्याला ९,००० मिळतात.

दहा चित्रे विकली गेली असे धरा. भाड्याच्या दालनात त्याच्या हाती १,५०,००० वजा ४५,०००, म्हणजे १,०५,००० येतात. व्यावसायिक दालनात ९०,००० वजा ३०,०००, म्हणजे ६०,०००. हे पाहून विद्यार्थी म्हणतील, सर, भाड्याचेच बरे! थांबा. या तुलनेत एक गोष्ट आपण न विचारता मान्य केली : दोन्हीकडे दहाच चित्रे विकली जातील, ही. भाड्याच्या दालनात दहा चित्रे विकायची कोणी? ज्याच्याकडे ग्राहकांची यादी आहे, त्याने. नव्या चित्रकाराकडे ती नसते. त्याच्याकडे असते ती नातेवाइकांची यादी.

म्हणून प्रश्न असा मांडावा. दालनाने दहा चित्रे विकून ६०,००० रुपये मिळवून दिले. तेवढेच स्वतः मिळवायला मला किती चित्रे विकावी लागतील? ६०,००० अधिक ४५,००० म्हणजे १,०५,०००. भागिले १५,००० म्हणजे ७ चित्रे. तर निर्णयाची कसोटी ही : माझे स्वतःचे सात ग्राहक आहेत का? असतील तर भाड्याचे दालन घ्यावे, ४० टक्के वाचतात. नसतील तर ते ४० टक्के ही ग्राहक शोधण्याची मजुरी समजावी. आणि दोन्हीही नसेल, म्हणजे ग्राहकही नाहीत आणि व्यावसायिक दालनही घेत नाही, तर मुदत ठेव मोडू नये. चार जणांनी मिळून दालन घ्यावे, प्रत्येकाने पाच-पाच चित्रे लावावीत. भाडे ८,००० चे २,००० होते, चौकटींचा खर्च ७,५०० वर येतो. प्रदर्शन पाहिले जाण्यासाठी असते, तसे शिकण्यासाठीही असते, आणि शिकण्याची फी आपल्या ऐपतीत असावी.

आणखी एक सावधगिरी. जे भाड्याचे दालन निवड न करता, जो पैसे देईल त्याला तारीख देते, त्याचा खरा ग्राहक चित्र घेणारा नसून चित्रकारच असतो. अशा दालनाचे गोड शब्द, 'तुमची चित्रे विदेशात जाण्यासारखी आहेत' वगैरे, ऐकताना आपला हात खिशावर ठेवावा. जहांगीरसारख्या ठिकाणी भाडे घेतात, पण आधी चित्रे पाहून निवड करतात. दोन्हींत हाच मोठा फरक आहे.

६. कागद पक्का असावा

व्यवहार कितीही घरोब्याचा असो, लेखी असावा. व्यावसायिक दालनाला चित्रे देताना पुढील मुद्दे कागदावर आणावेत :

(अ) चित्रांची यादी : नाव, आकार, माध्यम, किंमत, आणि दालनाची पोच. विक्री होईपर्यंत चित्र चित्रकाराच्या मालकीचे आहे, हे स्पष्ट लिहावे.
(आ) वाटा किती टक्के. ग्राहकाला सूट दिली तर ती कोणाच्या वाट्यातून जाणार.
(इ) विक्रीनंतर किती दिवसांत पैसे मिळणार.
(ई) वाटेत किंवा भिंतीवर चित्र खराब झाले तर भरपाई कोण देणार.
(उ) न विकलेली चित्रे कोणत्या तारखेला परत मिळणार.

चित्रकारावरही एक बंधन येते. दालनात १५,००० ची चिठ्ठी लावलेले चित्र घरी मागच्या दाराने १०,००० ला विकू नये. ग्राहकाला कळले की त्याचा दालनावरचा आणि चित्रकारावरचा, दोघांवरचा विश्वास जातो.

कायद्याची थोडी माहितीही असू द्यावी. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. चित्र विकले म्हणजे कॉपीराइट विकला, असे होत नाही. लेखी करार करून दिला नसेल तर त्या चित्राची कॅलेंडरे छापण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. मात्र कोणी पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा नियम वेगळा आहे. याच कायद्याच्या कलम ५७ नुसार, कलाकृतीची मोडतोड होऊन कलावंताच्या नावास धक्का बसत असेल तर तो विक्रीनंतरही दाद मागू शकतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प १९७९ साली काढताना त्याची हानी झाली. त्या खटल्यात २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना शिल्पाचे अवशेष परत देण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. लढा दीर्घ चालला, पण त्यातून हक्क सिद्ध झाला.

७. मग आपल्या सभागृहाचे काय?

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे हिशेब करताना 'लागत' आणि 'मुनाफा' हेच शब्द आधी ओठांवर येतात. कोणत्याही भाषेत मांडला तरी हिशेब एकच उत्तर देतो : आज उज्जैनमध्ये निव्वळ व्यावसायिक दालन समाजाने सुरू करू नये. पण निव्वळ भाड्याचे दालनही आम्हास पुरेसे वाटत नाही. भाडे मिळाले की चालवणारा निवांत होतो. आत एक माणूस येवो की शंभर, त्याला फरक पडत नाही. मग मुले आठवडाभर रिकाम्या खोलीत बसून राहतील.

म्हणून मधला मार्ग सुचवितो. भाडे निम्मे, म्हणजे ४,००० ठेवावे आणि विक्रीवर १५ टक्के वाटा घ्यावा. ३६ आठवड्यांचे भाडे १,४४,००० होते. मूळ खर्चातील उरलेले ९६,००० वाट्यातून यायचे, तर वर्षाला ६,४०,००० रुपयांची विक्री हवी. म्हणजे सुमारे ४३ चित्रे, आठवड्याला एकाहून थोडे अधिक. ही संख्याही लहान नाही, पण १२० इतकी अवाक्याबाहेरचीही नाही. शिवाय दोन-तीन हजारांची लहान रेखाटने व छापचित्रे ठेवली तर वास्तुशांतीला भिंतीवरचे घड्याळ देण्याऐवजी चित्र देण्याची सवय आपल्या घरांना लागू शकते. ग्राहक असा घरातूनच तयार होतो. मुख्य म्हणजे चित्र विकले गेले तरच दालनाचा खर्च निघणार असल्याने, चालवणाऱ्या मंडळींना घरोघरी सांगत फिरावे लागेल. तोच या योजनेचा जीव आहे.

यासोबत तीन अटी असाव्यात. पहिली, निवड समिती असावी आणि तिच्यात समाजाबाहेरचा एक जाणकार असावा, नाहीतर ओळखीच्यांची वर्णी लागते. दुसरी, समाजाचे दालन असले तरी ते केवळ मराठी चित्रकारांसाठी नसावे. भैरूगढच्या कारागिराला आणि कोणत्याही भाषेच्या मुलाला तेथे अर्ज करता यावा. तिसरी, वर्षातील दोन आठवडे शाळकरी मुलांसाठी विनाभाडे राखून ठेवावेत.

सभागृहाची तीच बाजू यात्रेकरूंच्या निवासासाठी दिली तर उत्पन्न अधिक होईल, हे आम्हास ठाऊक आहे, आणि तसे म्हणणारे पालक चुकीचे बोलत नाहीत. दालन सुरू केले तर समाजाला त्या उत्पन्नावर पाणी सोडावे लागेल. ते सोडायचे की नाही, हे सर्वांनी मिळून, आकडे समोर ठेवून ठरवावे. सोडायचे ठरले, तर ती आपल्या मुलांना दिलेली देणगी आहे असे समजून सोडावे, म्हणजे पहिल्या वर्षीची शिल्लक पाहून कोणाचा धीर सुटणार नाही.

स्वाध्याय

१. भाड्याच्या आणि व्यावसायिक दालनात चित्र न विकल्याचे नुकसान कोणाचे होते, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. चित्राची किंमत १५,००० ऐवजी १०,००० धरून पाचव्या भागातील हिशेब पुन्हा करा. व्यावसायिक दालनाने दहा चित्रे विकली, तर तेवढीच रक्कम मिळवायला चित्रकाराने स्वतः किती विकावी लागतील?
३. दालनाचा वाटा ४० ऐवजी ५० टक्के असेल तर चौथ्या भागातील १२० हा आकडा किती होईल? आणि तो बदल चित्रकाराला परवडेल का?
४. घरातील मोठ्यांना विचारून लिहा : आपल्या घरी हाताने काढलेले एखादे चित्र आहे का? ते कोणी काढले, कोठून आले, आणि विकत घेतले असेल तर किती रुपयांना?

चौथ्या प्रश्नाची उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. सर्व उत्तरांची बेरीज आम्ही समाजाच्या बैठकीत ठेवू. उज्जैनमध्ये चित्राला किती ग्राहक आहेत, याचा खरा आकडा तेथूनच मिळू लागेल.